चाळिशीनंतरचं वजन आणि ‘कुणाला सांगू नका’चा सल्ला

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. मथळा होता ‘चाळिशीनंतर वजन का उतरत नाही? पाच कटू सत्यं’. ती सत्यं थोडक्यात अशी. एक, चाळिशी उलटली की चयापचय निम्म्यावर येतो, तेव्हा खटाटोप व्यर्थ. दोन, करायचंच असेल तर कुणाला सांगू नका. बोलून दाखवलेला संकल्प फसतो, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. तीन, लठ्ठ मित्रांची संगत सोडा, कारण लठ्ठपणा संसर्गजन्य आहे. चार, खरा मित्र तोच, जो तोंडावर ‘जाड झालास’ म्हणतो. पाच, 21 दिवसांत फरक पडला नाही तर सोडून द्या. पडला तरी वजन परत येतंच. आणि सगळ्यात खाली, ‘दहा मित्रांना पाठवा’. कुणाला सांगू नका हे दहा जणांना सांगायचं, यातली गंमत पाठवणाऱ्या पाचांपैकी एकाच्याही लक्षात आलेली दिसली नाही.

मी 52 वर्षांची आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करून दोन वर्षांत 11 किलो उतरवले. त्यातले तीन परत आले, आठ अजून तरी गेलेलेच आहेत. हे आम्ही चौघींनी मिळून केलं, आणि एकटीनं मी ते त्याआधी तीनदा करून फसले होते. मेसेज हसून पुसून टाकता आला असता. पण पाठवणाऱ्यांपैकी दोघींनी खाली लिहिलं होतं, ‘म्हणूनच मी नाद सोडला.’ तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

चयापचयापासून सुरू करू. हे मीही वर्षानुवर्षं मानत होते, कारण फार सोयीचं होतं. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. 29 देशांतली 6,400 हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत. पद्धतही घरबसल्या अंदाज बांधण्याची नव्हती. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे खास समस्थानिक, म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू, असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि ते शरीरातून किती वेगानं बाहेर पडतं ते लघवीत मोजायचं, म्हणजे शरीरानं किती ऊर्जा जाळली ते कळतं. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशोबात धरल्यावर दिसलं ते असं, की विशीपासून साठीपर्यंत ही जळण जवळजवळ सपाट राहते. उतार साठीनंतर लागतो, तोही वर्षाला साधारण 0.7 टक्के. चाळिशीत निम्म्यावर येण्याचा प्रश्नच नाही.

मग पोट का सुटतं? कारण ‘स्नायूंचं प्रमाण हिशोबात धरल्यावर’ या शब्दांतच बरंच काही आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, आणि आपण त्यांना काही कामही देत नाही. पंचविशीत धावत चढायचो ते जिने आता लिफ्टनं चढतो. झोप तुटक होते. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या काळात चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते, तेव्हा काटा फारसा न हलताही कपडे घट्ट होतात. हे सगळं खरं आहे. शिवाय थायरॉइडचा विकार असेल किंवा स्टेरॉइडसारखी औषधं चालू असतील, तर त्यांचाही वाटा असतो. ते डॉक्टरांनाच विचारायचं. मात्र यात ‘आता काही होणार नाही’ असं सांगणारं एकही कारण नाही. स्नायूंना काम देता येतं, झोपही बऱ्यापैकी सुधारता येते. झोपेवरचा एक छोटासा प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. जादा वजनाची अवघी दहा माणसं, सरासरी वय 41, दोन आठवडे तोच मोजका आहार. एकदा अंथरुणात साडेआठ तास आणि एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी 55 टक्क्यांनी कमी घटली आणि स्नायू जास्त गेले. दहा माणसांवरून कुणी सिद्धांत मांडू नये. मी मात्र त्यानंतर रात्रीच्या मालिका सोडल्या.

आता दुसरा मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. ‘कुणाला सांगू नका’ हे विज्ञानानं सिद्ध केलंय म्हणणाऱ्यांच्या मागे एक खरा अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर आणि सहकाऱ्यांनी तो 2009 मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी उद्योजक डेरेक सिव्हर्स यांच्या तीन मिनिटांच्या भाषणामुळे तो जगभर पोचला. तीन मिनिटांत जे उरलं ते असं, की ध्येय सांगितलं की ते गाठल्यासारखं वाटतं आणि हात ढिले पडतात.

मूळ प्रयोगात काय होतं? त्यातले काही विद्यार्थी कायद्याचे होते. नेटानं अभ्यास करण्याचा मनसुबा त्यांनी कागदावर लिहिला. काहींचा मनसुबा प्रयोग घेणाऱ्यानं वाचून त्याची दखल घेतली, काहींचा कुणी पाहिलाच नाही. नंतर दिलेल्या कामात दखल घेतलेल्यांनी कमी वेळ घालवला. म्हणजे ‘मी कोण होणार’ हे कुणी एकदा मानलं की थोडं समाधान आधीच मिळून जातं. अगदी पटतं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्या ग्रुपवर ‘यंदा बारीक होणारच’ लिहून वीस अंगठे मिळवले, की काम झाल्यासारखं वाटतं. हे मीही केलेलं आहे. पण त्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, ‘काय रे, बसलास का अभ्यासाला?’ एकदा गाजावाजा करणं आणि रोज कुणालातरी जबाब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरच्या अभ्यासाच्या आधारे मेसेजनं दुसरीलाही बाद ठरवलंय.

दुसरीवर झालेलं कामही आहे. 1999 मध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी वजन घटवण्याच्या कार्यक्रमासाठी 166 जण घेतले. काही एकेकटे आले, काही तीन-तीन मित्र किंवा नातलग सोबत घेऊन. एकट्यानं येऊन नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्यांपैकी 76 टक्क्यांनी तो पुरा केला, आणि चौथ्या ते दहाव्या महिन्यात उतरलेलं वजन पूर्ण टिकवलं 24 टक्क्यांनी. मित्रांसोबत आलेल्या आणि एकमेकांना साथ कशी द्यायची हेही शिकवलं गेलेल्या गटात हेच आकडे 95 आणि 66 टक्के होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर एकटं यायचं की मित्रांसोबत हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं; तीन मित्र गोळा करू शकणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो. तरी 24 आणि 66 मधलं अंतर मला दुर्लक्ष करण्याजोगं वाटत नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट. 1961 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच नावाच्या गृहिणी वजन घटवण्याच्या सरकारी दवाखान्यात जात होत्या. पथ्य कळत होतं, पण मधेच चोरून खाणं चालू होतं आणि ते तिथं कबूल करण्याची हिंमत नव्हती. शेवटी त्यांनी मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर कबूल केलं. मग त्या मैत्रिणीही आपापली चोरी सांगायला लागल्या. त्या बैठकांतून 1963 मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही वजन घटवायला मदत करणारी कंपनी उभी राहिली. कंपनीची भलामण करायची नाही मला. पुढे तो मोठा धंदा झाला. मला महत्त्वाची वाटते ती बैठकीची सुरुवात. कुणी कुणाला शाबासकी दिली नाही, एकीनं खरं सांगितलं इतकंच.

आमच्या चौघींचा नियमही असाच कोरडा होता. सकाळी सहाला चालायला यायचं. यायचं नसेल तर फोन करायचा, मेसेज चालणार नाही. मेसेज पांघरुणातून एका अंगठ्यानं जातो. फोनवर ‘आज नको गं’ म्हणताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. पहिल्या महिन्यात मी फोन करायला म्हणून उठले, आणि उठलेच आहे तर म्हणून चालायला गेले, असं निदान सहा वेळा झालं. दुसरा फायदा समारंभांत कळला. गुपचूप वजन उतरवणाऱ्या माणसाला प्रत्येक आग्रहाला नवी सबब शोधावी लागते: पोट बिघडलंय, आत्ताच खाऊन आले, औषध चालू आहे. शेजारी एक जरी जाणती मैत्रीण असली तर ती वाढणाऱ्याला परस्पर सांगते, ‘तिला नको, झालंय तिचं.’ आग्रहाचा मान मोडल्याचं पापही मग तिच्याच माथी जातं.

तिसरा मुद्दा, लठ्ठ मित्र सोडा. यामागचा अभ्यास 2007 चा, निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांचा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या हृदयविकार अभ्यासातली 12,067 माणसं, 32 वर्षांची नोंद. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्या माणसाची लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हाच आकडा मेसेजमध्ये लाल रंगात आहे. पुढचं मात्र गाळलंय. नुसत्या शेजाऱ्यामुळे असा फरक दिसला नव्हता, आणि दूर गावी राहणाऱ्या मित्रामुळे तो दिसला होता. म्हणजे जे काही पसरतं ते ताटातून पसरत नाही. ‘एवढं तर चालायचंच’ या मनातल्या मापातून पसरत असावं. आणि ते माप दोन्हीकडे सरकतं, जाड होण्याकडे आणि बारीक होण्याकडेही; अभ्यासकांनी हे स्वतःच सुचवलं होतं. शिवाय या पद्धतीवर टीकाही झाली. दुसऱ्या दोन संशोधकांनी तशाच रीतीनं हिशोब केला, तर पौगंडावस्थेतल्या मुलांची उंचीसुद्धा मित्रांकडून ‘पसरताना’ दिसली! सारख्याला सारखं भेटतं, त्यातला बराच भाग इथं संसर्ग म्हणून मोजला गेला असू शकतो.

आमच्या चौघींपैकी चौघीही जाड होत्या. मेसेजप्रमाणे आम्ही एकमेकींचं तोंड पाहायला नको होतं.

हेही मान्य करते, की मोडता घालणारे मित्र असतात. ‘एका घासानं काय होतंय’, ‘चेहरा उतरला बघ तुझा’, ‘तू आधीच बरी दिसायचीस’. त्यांत दुष्टावा क्वचितच असतो. सोबतीनं खाणारं माणूस कमी झाल्याची ती हुरहुर असते. त्यांची मैत्री तोडण्याऐवजी भेटण्याची जागा बदलली तरी पुष्कळ निभतं. खायला भेटण्याऐवजी फिरायला भेटावं.

चौथ्या मुद्द्यावर मला राग आहे, तेव्हा थोडं सांभाळून लिहिते. तोंडावर टोमणा मारणारा खरा मित्र, लाज वाटली की वजन उतरतं, वगैरे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या माणसांवर दीर्घकाळ चालू असलेल्या एका अभ्यासातल्या 2,944 जणांची चार वर्षांची नोंद 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. वजनावरून आपल्याला हिणवलं जातं, वेगळं वागवलं जातं, असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी 0.95 किलोनं वाढलं. तसा अनुभव नसलेल्यांचं 0.71 किलोनं घटलं. लाजेनं बारीक होता आलं असतं तर शाळेतली सगळी जाड मुलं दहावीपर्यंत सडपातळ झाली असती.

हे शहाणपण आम्हाला आधीपासून होतं असं नाही. तिसऱ्या महिन्यात मीच हौसेनं एक तक्ता केला: चौघींची नावं, दर रविवारचं वजन, सगळ्यांना दिसेल असा. आपसातलीच तर गोष्ट, त्यात काय? दोन रविवार एकीचं वजन वाढलं, मी गमतीनं काहीतरी बोलले, आणि तिसऱ्या रविवारपासून ती यायची थांबली. गुडघा दुखतो म्हणाली. आम्ही महिनाभर गुडघ्याची चौकशी करत राहिलो! शेवटी तक्ता मीच फाडला, आणि तिला जाऊन सांगितलं की नुसती चालायला ये. ती आली. तिचं वजन किती आहे ते आजही आम्हाला माहीत नाही. चालण्यात ती आमच्या पुढे असते.

पाचव्यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. 21 दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. ‘निदान’ कुठेतरी गळून पडलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागताना दिसले, आणि माणसामाणसात 18 ते 254 इतका फरक.

‘वजन परत येतंच’ हे मात्र निम्मं खरं आहे. माझे तीन किलो आलेच. पण आलं म्हणून सगळं वाया गेलं, हे खोटं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 जणांवरचा अमेरिकेतला प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय 51, म्हणजे आमच्याच वयाचे. त्यातल्या एका गटाला दिलेलं उद्दिष्ट माफक होतं: सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तीनेक वर्षांत या गटातलं मधुमेहाचं प्रमाण नुसती नकली गोळी घेणाऱ्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिलं, साठीपुढच्यांत तर 71 टक्क्यांनी. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळांचं वजन बरंचसं परत आलं. तरी सुरुवातीपासून दहा वर्षांचा हिशोब केला तेव्हाही मधुमेहाचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमीच होतं.

माझे तीन किलो ज्या दिवशी काट्यावर दिसले, त्या दिवशी ते कुणालाच सांगू नये असं मलाही वाटलं होतं. दोन दिवस सांगितलं नाही. त्या दोन्ही दिवशी चालायलाही गेले नाही, आणि नियम मोडून मेसेज टाकला. तिसऱ्या दिवशी सहाला फोन आला, तक्त्यामुळे रुसलेल्या त्या मैत्रिणीचाच: ‘अगं, खाली उभी आहे मी. येतेस का?’