अवजार हातातच राहू द्या
कारागिरांचे फोटो कसे काढावेत यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांना स्टुडिओत आणून कोऱ्या पडद्यासमोरच उभं करावं, हे पटलं नाही. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडरने १९२८ मध्ये टिपलेला पेस्ट्री बनवणारा आचारी आठवा. पांढरा डगला, हातात भलंमोठं पातेलं, मागे त्याचंच स्वयंपाकघर आणि नजर थेट आपल्यावर! त्याच वर्षीचा विटा वाहणारा मजूर मात्र काळ्या पार्श्वभूमीवर आहे, पण खांद्यावर विटांची चळत आहेच. म्हणजे मागे पडदा चालेल, अवजार सुटता कामा नये. झांडरच्या ६० छायाचित्रांच्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नाझींनी १९३६ मध्ये नष्ट केले, याचं फार वाईट वाटतं. तुम्ही कल्हईवाल्यांचे फोटो काढणार असाल तर भात्याजवळ, धुरातच काढा.