बायपॅपवाला तो मेसेज: एकेक मुद्दा घेते

परत तोच मेसेज आला, यावेळी सोसायटीच्या ग्रुपवर. त्याचं म्हणणं असं की बायपॅप (मास्कमधून प्रेशरने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) म्हणजे व्हेंटिलेटरच, एकदा लावलं की सवय लागते नि सुटत नाही, त्यापेक्षा नुसता ऑक्सिजन वाढवून मागा, आणि मशीन लावून सिस्टर मोबाईल बघत बसतात. मी छातीच्या वॉर्डात ड्युटी करते त्यामुळे शेवटचं जरा झोंबलंच, पण क्रमाने घेऊ.

व्हेंटिलेटर म्हणाल तर हो, पण घशात नळी नाही, भूल नाही, पेशंट जागा असतो, बोलतो. श्वास घेताना जास्त प्रेशर, सोडताना कमी, म्हणजे दमलेल्या छातीला हातभार लागतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ब्रिटनमधे १४ हॉस्पिटलांत २३६ सीओपीडी (धुराने वगैरे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंटवर अभ्यास झाला, २००० साली छापून आला, अशा मास्कच्या मशीनने मृत्यू २० टक्क्यांवरून १० वर आले, तेही आयसीयूत नाही, साध्या वॉर्डात.

सवयीचं म्हणाल तर बहुतेकांचं काही दिवसांत हळूहळू तास कमी करत सुटतं. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड बरे झाल्यावरही चढलेलाच राहतो त्यांना घरी रात्री लावायला सांगतात, कारण झोपेत श्वास अजून उथळ होतो. व्यसन कसलं त्यात?

ऑक्सिजनचा मुद्दा मात्र जीवघेणा आहे. एक आजी होत्या, जन्म चुलीपुढे गेलेला, बिडी कधी ओढली नाही तरी सीओपीडी. सॅच्युरेशन ९० दिसलं म्हणून मुलाने गुपचूप ऑक्सिजनचा नॉब फिरवला, ९८ झालं, तो खूश, "सिस्टर, बघा आई शांत झोपली". मी हाका मारल्या तर डोळे उघडेनात. झोप नव्हती ती, जास्तीच्या ऑक्सिजनने चढलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी होती. अशा पेशंटला ८८ ते ९२ च हवं असतं दादा, मॉनिटरवर शंभर बघायचा हट्ट नको.

आता मोबाईल. आजींना मास्क लावला तेव्हा पहिली वीस मिनिटं पट्टे न बांधता मी तो हाताने धरून बसले होते, कारण एकदम आवळला की माणूस गुदमरतो आणि ओढून काढतो. गालातून हवा जात होती, मग लक्षात आलं की कवळी डबीत आहे, ती बसवली तेव्हा गळती थांबली. पट्ट्याखाली बोट जायला हवं, नाहीतर नाकाच्या हाडावर जखम होते, तिथे आधीच ड्रेसिंगचा तुकडा लावायचा. हवा डोळ्यात जातेय का, पोट फुगतंय का, उलटी आली तर मास्क आधी काढायचा, मधल्या ब्रेकमधे चमच्याने पाणी, तोंड पुसणं, आणि तासाभराने परत एबीजी, म्हणजे धमनीतलं रक्त घेऊन ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी.

हां, रात्री एका सिस्टरकडे वीस पेशंट असले तर हे सगळं होत नाही, तेवढं मेसेजवाल्याचं खरंय. पण मग मशीनच्या नावाने बोंब कशाला, स्टाफ वाढवा म्हणून मेसेज फिरवा की.