जमीन कुठे जात नाही? बॅकबेवरच्या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट एवढी सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही सविस्तरच देतो. तुमचं म्हणणं असं की १८६५ ची मुंबईतली शेअरची पडझड आणि आपल्या राजापूर-देवगडकडचे जागेचे भाव एका लेखात आणून मी लोकांना उगाच घाबरवतोय, शेअर हा कागद आणि जमीन ही जमीन, ती कुठे जात नाही. शिवाय त्याच पैशातून राजाबाई टॉवर झाला की, असंही म्हणालात.

पण पडझडीआधीच्या तेजीत ज्या शेअरवर सगळ्यात जास्त उड्या पडल्या तो बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा शेअर जमिनीचाच होता हो! फक्त ती जमीन तेव्हा समुद्राखाली होती. भर टाकून जागा काढायची आणि विकायची एवढाच धंदा, पाच हजाराचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला तेव्हा भर अजून पडायचीच होती. आज आपण मरीन ड्राइव्हला जाऊन बसतो ती जागासुद्धा १९२० नंतरच्या भरावातली.

पैसा आला तो कापसातून. अमेरिकेत यादवी, दक्षिणेकडची बंदरं अडवलेली, इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांना माल मिळेना म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. ती कमाई खरीच होती. घोळ झाला वायद्यात, १ जुलै १८६५ ला शेअर देतो-घेतो असे करार लोकांनी करून ठेवले, ना देणाऱ्याकडे शेअर ना घेणाऱ्याकडे पैसे, मधल्या मधे भाव वाढेल आणि फरक खिशात पडेल एवढाच भरवसा. एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापूस कोसळला, आणि जुलैची तारीख आली तेव्हा कोणाकडेच काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेने शेअरच तारण धरून कर्जं वाटली होती, तिचा २८५० ला गेलेला शेअर ८७ वर आला आणि १८६८ ला बँकच गुंडाळली. राजाबाई टॉवरचं म्हणाल तर त्या तेजीतले बडे शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांनी देणगी दिली ती १८६४ ला, ऐन तेजीत. त्या देणगीबद्दल मला आदरच आहे, पण बुडालेल्यांचे पैसे काय टॉवरने परत मिळाले नाहीत.

आता आपल्याकडचं. माझ्या काकांची सड्यावरची चाळीस गुंठे पड जागा, नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. एजंट आला, दोन लाख इसार दिला, साठेखत, म्हणजे पुढे जागा विकायचा करार केला, सहा महिन्यांत खरेदीखत ठरलं. काकांनी त्या भरवशावर कर्ज काढून घराचं छप्पर बदललं. एजंटने तेच साठेखत चढ्या भावाने पुढे दिलं, त्या माणसाने आणखी पुढे, आणि तारीख आली तेव्हा पहिल्याचा फोन बंद, तिसऱ्याची वकिलामार्फत नोटीस काकांच्या दारात. जमीन कुठे गेली नाही हे खरंय, जाग्यावरच आहे, पण आज ती काकांना विकताही येत नाही आणि कर्जाचे हप्ते चालूच आहेत. १ जुलैचं वाचताना मला ती नोटीसच दिसत होती, म्हणून तुलना केली.

तुमच्या भावाचंही साठेखत झालंय असं लिहिलंत. त्यात मुदत संपल्यावर काय होणार आणि ते परस्पर तिसऱ्याला देता येतं का, ही दोन कलमं आजच बघा आणि मला कळवा.