नवा देश चालवायला घेताय? थांबा!

समजा, नुकताच स्वतंत्र झालेला एखादा आफ्रिकी देश तुमच्या गळ्यात पडला. घाबरू नका. परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी असे यच्चयावत देश पावणेदोन तासांत निकालात काढले. टांझानियाच्या वाट्याला एकच वाक्य आलं, ‘तो तर चीनच्या खिशातला.’ टाळ्या! म्हणून याच टांझानियाकडे बघून, काय करू नये ते सांगतो.

झेंडा वर चढला की आधी मालक ठरवा. अलिप्त राहिलात तर वक्त्यांची पंचाईत होते.

लष्कर तर ठेवूच नका. जानेवारी १९६४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचे शिपाई पगारासाठी आणि गोरे अधिकारी घालवा म्हणून उठले. ते आवरायला दोनच वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या ब्रिटिशांना बोलवावं लागलं.

मदत देणारा सांगेल त्याच्याशीच बोला. टांगानिकाला शेजारचं झांझिबार बेट जोडून टांझानिया झाला, तेव्हा झांझिबार आलं ते पूर्व जर्मनीला दिलेली मान्यता घेऊनच. तिचं कॉन्सुलेट दार-एस-सलाममध्ये उघडू दिलं म्हणून १९६५ मध्ये, तिला देशच न मानणाऱ्या पश्चिम जर्मनीने लष्करी मदत काढून घेतली. शहाणा माणूस अशा वेळी हात जोडतो. न्येरेरे म्हणाले, उरलेलीही घेऊन जा!

ठराव करावेत, पाळू नयेत. त्याच वर्षी ऱ्होडेशिया या ब्रिटिश वसाहतीतल्या (आजचा झिम्बाब्वे) गोऱ्यांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने ते मोडून काढलं नाही तर १५ डिसेंबरला संबंध तोडायचे, असं आफ्रिकी देशांनी मिळून ठरवलं. तारीख आली तेव्हा बहुतेकांना दुसरी कामं निघाली. टांझानियाने संबंध तोडले, आणि ७५ लाख पौंडांचं ब्रिटिश कर्ज लटकलं.

आणि रेल्वे? झांबियाचं तांबं ऱ्होडेशियाला वळसा घालून समुद्रापर्यंत न्यायचं होतं. जागतिक बँकेने सांगितलं, परवडणार नाही. पाश्चात्त्यांनीही हात वर केले. मग चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि १९७० ते १९७५ मध्ये दार-एस-सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी असे १८६० किलोमीटर रूळ पडले. झालं, गेला चीनच्या खिशात! पण अहो, झांबियाकडे जाणाऱ्या रस्त्याला अमेरिकेचा पैसा लागला, तेलाची पाइपलाइन इटलीवाल्यांनी टाकली, जर्मन गेल्यावर लष्कराला शिकवायला कॅनडाचे अधिकारी आले. एक माणूस किती खिशांत बसतो हो?

आपण भिलाई रशियाकडून उभारून घेतलं, राउरकेला पश्चिम जर्मनीकडून, दुर्गापूर ब्रिटिशांकडून. ती आपली मुत्सद्देगिरी. तेच काळ्या माणसाने केलं की तो विकला गेला! त्याला स्वतःचं डोकं असेल, आपलं नुकसान किती होणार हे मोजून तो ‘नाही’ म्हणाला असेल, हे तुमच्या मनातसुद्धा येत नाही. याला अभ्यास म्हणत नाहीत, माज म्हणतात. तोही उसना, साहेबाकडून घेतलेला.

हे विचारायला मी उभा राहिलो, तर चहा थंड होतोय म्हणून संयोजकांनी माइक काढून घेतला. त्यावरही टाळ्या पडल्या.