रिप्लाय दाबला, गेला कुणाला?

मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या मेंबरांना जातो ती) नुसतं रिप्लाय दाबलं की मेल एकट्या पाठवणाऱ्याला जावा का अख्ख्या लिस्टला, यावर टेकवाली मंडळी कित्येक वर्षं भांडतायत. बाहेरच्याला वाटतं काय फालतूपणा आहे, पण मला नाही वाटत फालतू. लिस्ट चालवायचं जुनं सॉफ्टवेअर मेलमन, ते सांगतं रिप्लाय पाठवणाऱ्यालाच जाईल असं ठेवा. तरी बरेच अ‍ॅडमिन ती सेटिंग बदलतात कारण मग चर्चाच होत नाही म्हणे.

आणि खरंच होत नाही हो. कुणी विचारतं लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर मराठी जोडाक्षरं तुटतायत काय करू, कुणीतरी झकास उत्तर देतं, त्याचं काम होतं आणि बाकीच्यांना पत्ताच नाही, महिन्याभराने तोच प्रश्न परत. लिस्टच्या जुन्या मेलांचा साठा, म्हणजे आर्काइव्ह, उघडून बघा, प्रश्नच प्रश्न, उत्तरं गायब.

पण लिस्टला ठेवलं की अभिनंदन, मी पण, +१ चा पूर येतो आणि चारपाच बोलके लोकच बोलत बसतात. २०१६ मध्ये ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत एक टेस्ट मेल चुकून ८ लाखांवर लोकांना गेला, तर "मला यातून काढा" हेसुद्धा लोक रिप्लाय ऑल करून सांगत होते, मेल सिस्टीम पार रखडली!

माझं म्हणणं एवढंच की कुठली चूक परवडते ते बघून ठरवा. सगळ्यांसाठीचा मेल एकाला गेला तर परत पाठवता येतो, पण "त्या मॅनेजरच्या हाताखाली जाऊ नकोस" हे सगळ्या बॅचला गेलं आणि तो मॅनेजर त्याच बॅचचा निघाला तर काय करणार? म्हणून मोठ्या लिस्टवर एकट्यालाच, आणि वीसपंचवीस ओळखीच्या माणसांचं काम चालू असेल तर बिनधास्त लिस्टला. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो लिहिणाऱ्यांची तर पद्धतच रिप्लाय ऑलची, कारण तिथे मेंबर नसलेलेही लिहितात, त्यांचं नाव सीसीत राहायला हवं ना.

व्हॉट्सअ‍ॅपवर याच्या उलट, सगळं ग्रुपवरच, खाजगीत उत्तर द्यायचा ऑप्शन मेन्यूत शोधा. त्यामुळे दोन फ्लॅटमधलं लीकेजचं भांडण अख्खी सोसायटी वाचते. मग २०१८ ला फक्त अ‍ॅडमिनने लिहायची सेटिंग आली, आमच्या कमिटीने ती लगेच लावली, आणि आता पाणी आलं नाही हे सांगायलाही चेअरमनना फोन करावा लागतो, तेही उचलत नाहीत.