कालवं, माळढोक आणि माझं चुकलेलं वाक्य

नमस्कार काका,

“नळाला चार दिवसांआड पाणी, नान्नज अभयारण्यातला माळढोक संपत आला, आणि तुम्ही उत्तर समुद्रातल्या कालवांचं कौतुक करताय? ही पवनचक्की कंपन्यांची जाहिरात झाली,” असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. समुद्रातल्या पवनचक्क्यांपाशी कालवं (शिंपल्यातले ऑयस्टर) पुन्हा वाढवतायत, असा तो लेख होता. पाण्याबद्दल वादच नाही; हे उत्तरसुद्धा पिंप भरून झाल्यावर लिहायला बसलेय.

जाहिरातीचा आरोप अर्धा मान्य. “पवनचक्क्यांनी समुद्र जिवंत केला” हे माझं वाक्य चुकलं, ते बदलते. अजून प्रयोगच चाललेत. आणि तिथे उपकार पवनचक्कीच्या खांबाचे कमी, मासेमारीचं जाळं तिथे फिरत नाही त्याचे जास्त. चपट्या युरोपीय कालवांचे थर एकेकाळी उत्तर समुद्राच्या तळावर हजारो चौरस किलोमीटर पसरलेले होते. आधी बेसुमार उपसा झाला, मग तळ खरवडणारी जाळी फिरली, पुढे बोनामिया रोगानं उरलंसुरलं झोडपलं. कालवाचं पिल्लू आठ-दहा दिवस पाण्यात तरंगतं आणि मग बसायला टणक जागा शोधतं, शक्यतो जुन्या कालवाचं कवचच. तिथे उरली होती नुसती वाळू.

डच पवनचक्क्यांच्या क्षेत्रात तळ खरवडायला बंदी आहे. खांबाच्या बुडाची वाळू प्रवाहानं वाहून जाऊ नये म्हणून दगडही टाकलेले असतात. म्हणजे जागा झाली, शांतता झाली, पण जवळपास आईबापच नाहीत! म्हणून 2018 मध्ये लुख्तरडाउनेन या डच पवनचक्की क्षेत्रात जिवंत कालवं नेऊन ठेवली.

उजनी धरणात आपण याच्या उलट केलं. बारीक जाळ्यांनी बोटुकलीसुद्धा उपसली, आता बाजारात बघावं तर चिलापीच चिलापी.

माळढोकाचा मुद्दा मात्र बिनतोड, जमिनीवरच्या पवनचक्क्यांच्या वीजतारांना तो धडकतो. जड पक्षी, डोळे बाजूला, समोरची तार उशिरा दिसते, आणि वळायला वेळ मिळत नाही. समुद्रातल्या तारा तळाखालून जातात, म्हणून ती भीती तिथे नाही. पात्यांना धडकणारे समुद्रपक्षी आहेतच, आणि खांब ठोकतानाच्या आवाजानं पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे समुद्री प्राणी) दूर पळतात, तेही मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

तुम्ही विचारलं नाहीत ते मीच सांगते. पंचवीस-तीस वर्षांनी पवनचक्की म्हातारी झाली की बांधकाम काढून समुद्र मोकळा करायचा, असा तिकडचा सर्वसाधारण नियम. तोवर दगडांवर कालवं बसलेली असतील. मग दगड उचलायचे की ठेवायचे? हे विचारलं असतंत तर माझी खरी पंचाईत झाली असती.