पगाराच्या पहिल्या आठवड्याविषयी: माजी सहकाऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या आमच्या कंपनीच्या बेळगाव कार्यालयात पगारपत्रक विभागात अडीच वर्षे काम केले आणि आता जाहीर अभिप्रायात आम्हाला पाचपैकी दोन तारे दिले आहेत. येथे शिकायला पुष्कळ मिळाले, असे आपण लिहिले. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-दहापर्यंत थांबावे लागते, जादा कामाच्या बदल्यात मिळणारी बदली सुट्टी कागदावरच राहते, कन्नड लिहिता येत नसेल तर बढती अडते आणि कंपनी कामगारांच्या पगारातून आपला वाटा कापून घेते, अशा चार तक्रारीही मांडल्या आहेत. पहिल्या तीन मला मान्य आहेत. चौथी मान्य नाही, आणि हे वाचणाऱ्यांत आमचे कामगारही असल्यामुळे उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करते.

कामगाराच्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के भविष्य निर्वाह निधी (फंड) आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. मालकाच्या बाजूने त्यात अनुक्रमे १२ व ३.२५ टक्क्यांची भर पडते आणि सर्व रक्कम त्या कामगाराच्याच नावे भरली जाते. आमचा सर्व्हिस चार्ज कारखान्याच्या बिलात वेगळ्या ओळीत असतो व तो कारखानाच देतो. नोकरी लावल्याबद्दल गरिबाकडून पैसे उकळणारे मध्यस्थ आमच्या भागात आहेत, हे मी जाणते. म्हणूनच हा आरोप मनाला लागला. आपण स्वतः शेकडो पगारचिठ्ठ्या काढल्या आहेत. त्यांतील एखादी चुकीची वाटली असेल तर महिना आणि कारखाना मला खासगीत कळवावा. मी ती स्वतः तपासेन.

आता पहिल्या आठवड्याविषयी. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांकडून हजेरी एक किंवा दोन तारखेला येते, जादा कामाच्या तासांवरून वाद निघाला तर तीनला, आणि पगार सात तारखेच्या आत हातात पडला पाहिजे. फंडाची रक्कम पंधरा तारखेपर्यंत भरायची. कारखाना मात्र आमचे बिल ४५ दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा चुकते करतो आणि त्या बिलावर, म्हणजे त्यातील पगाराच्या रकमेवरही, १८ टक्के जीएसटी लागतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्याने पगाराची पहिली जबाबदारी ठेकेदारावर, म्हणजे आमच्यावर, टाकली आणि त्याने न दिल्यास मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर. ही रचना न्याय्य आहे, कारण उधारीची झळ कामगाराला बसता कामा नये. परंतु ती झळ मी माझ्या कार्यालयातील पाच मुलामुलींच्या रात्रींवर ढकलली, हे आपल्या अभिप्रायामुळे मला स्पष्टपणे स्वीकारावे लागत आहे. पैशाची ओढाताण माझी होती. तिच्यापायी आणखी दोन माणसे नेमायचे मी वर्षभर टाळले.

सीमाभागातले हे काम किती गुंतागुंतीचे आहे, याची दखलही मी पुरेशी घेतली नाही. उद्यमबागेतील कामगाराला कर्नाटकाचे किमान वेतन, ज्याचा महागाई भत्ता १ एप्रिलला बदलतो. दहा-पंधरा किलोमीटरवरील शिनोळीच्या कामगाराला महाराष्ट्राचे, जेथील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. दोन्ही तक्ते आपण एकट्याने सांभाळलेत. त्यात नावांचा घोळ वेगळाच: शाळेच्या मराठी दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव; आधारवर आडनाव गळालेले किंवा स्पेलिंग निराळे. मग फंडाचा अर्ज अडकतो आणि खानापूरहून रजा टाकून आलेला माणूस आपल्यासमोर उभा राहतो. जुलैत भाताच्या लावणीला कामगार गावी गेले की कारखान्याचा फोनही आपल्यालाच. ‘पुढून कारखाना ओरडतो, मागून कामगार,’ हे आपले वाक्य अतिशयोक्तीचे नाही.

नव्याने अर्ज करू इच्छिणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, कारण दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे हा या नोकरीचा भागच आहे आणि तो मला काढून टाकता येणार नाही. एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात दहा वर्षांतही जे समोर येत नाही, ते येथे दोन वर्षांत येते. ओतशाळा, साखर कारखाना, रुग्णालय, सगळ्यांची हजेरी वेगळी, पाळ्या वेगळ्या. पगार मात्र सुरुवातीला मोठ्या कारखान्यापेक्षा कमी असतो, आणि ज्याला रोज ठरलेल्या वेळी घरी जायचे आहे, त्याने विचार करूनच यावे.

कन्नडचा मुद्दा मला अधिक बोचला. कामगार खात्याशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये करावा लागतो, म्हणून ती जबाबदारी लिहिता येणाऱ्यालाच दिली गेली. पण मराठी शाळेत शिकलेली आमची बहुतेक मुले कन्नड बोलतात. लिहायला शिकवणे अवघड नव्हते. मी शिकवण्याऐवजी त्यांना बाजूला ठेवले, ही माझी चूक आहे. या महिन्यापासून शनिवारी दुपारी कार्यालयाच्या वेळेतच कन्नड लेखनाचा वर्ग सुरू केला आहे.

बदली सुट्ट्यांची नोंदवही मी मागवून पाहिली. आपल्या नावावर अकरा दिवस शिल्लक होते आणि अंतिम हिशेबात ते धरलेच गेले नाहीत. त्यांचे पैसे येत्या सात तारखेच्या पगारासोबत आपल्या खात्यात जमा होतील, आणि आपल्याबरोबर काम केलेल्या इतर चौघांच्या सुट्ट्यांचाही हिशेब त्याच दिवशी पूर्ण केला जाईल. अनुभव प्रमाणपत्रात दोन्ही राज्यांच्या वेतन तक्त्यांचे काम नमूद नव्हते. सुधारित प्रत तयार आहे, ती आपल्या सोयीच्या पत्त्यावर पाठवते.

आपली,
संचालिका